आदिवासींवर इंग्रजांच्या काळात काय झालं, हे मुलांना कसं सांगायचं?

मानसी (घोडबंदर रोड):
माझी भाची टोरोंटोला असते, तिच्या शाळेत ३० सप्टेंबरला सगळे केशरी शर्ट घालतात. तिथल्या मूळ रहिवाशांची दीड लाखाच्या आसपास मुलं घरातून नेऊन चर्चच्या निवासी शाळांत ठेवली, स्वतःची भाषा बोलली तर मार, हजारो परत आलीच नाहीत. २००८ ते २०१५ आयोग बसला, जे जगले त्यांच्या जबान्या घेतल्या, आता शाळेत शिकवतात. ती व्हिडिओ कॉलवर माझ्या सातवीतल्या मुलाला विचारते, तुमच्याकडे काय झालं होतं? त्याला आदिवासी म्हणजे वारली चित्रं आणि तारपा एवढंच माहीत, आणि येऊरचा डोंगर आमच्या गॅलरीतून दिसतो. सुरुवात कुठून करू?

खारघरकर:
चिरनेरला घेऊन जा, उरण तालुक्यात आहे. २५ सप्टेंबर १९३०ला तिथे जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, आठ जण गेले, त्यात नाग्या महादू कातकरी. पण नुसतं शौर्य सांगून थांबू नका, जंगलात लाकूड तोडणं गुन्हा झालं कधी हे त्याला विचारू दे. १८७८च्या कायद्याने सरकारने जंगलं राखीव केली, रेल्वेच्या स्लीपरना लाकूड हवं होतं ना. कातकरी खैराचा कात काढून जगायचे, ते बंद पडत गेलं, मग कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्टी, उचल घ्यायची आणि फेडत बसायचं.

नौपाड्याचे मास्तर:
मानसीताई, ठाण्यातच बघा. आपण ज्या जेलवरून रोज जातो तिथे २ मे १८४८ला राघोजी भांगरेंना फाशी दिली, महादेव कोळ्यांच्या बंडाचे पुढारी. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदाही सांगा, अमुक जमातीत जन्मलात की पोलिसांत हजेरी, तो गेला १९५२ला. सातवीच्या मुलाला हे सगळं कळतं, मी वर्गात बघितलंय.

सुहास_वाशी:
पण इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, आता मुलांच्या डोक्यात कशाला भरायचं?

तलासरीवाला (सध्या ऐरोली):
सुहासदादा, कारण आमच्याकडे ते संपलं नाही. माझ्या पणज्याची जमीन गोऱ्या साहेबाने नाही नेली, सावकाराने नेली, आपल्याच मुलखातला माणूस, पण रोख सारा, कर्जाचा कागद, त्याच्यावर अंगठा आणि त्यामागे उभं कोर्ट ही सगळी ताकद त्याला त्या राजवटीने दिली. लग्नाला कर्ज काढलं की नवराबायको दोघांनी मालकाकडे राबायचं, लग्नगडी म्हणायचे. त्याविरुद्ध वारली उठले तेव्हा १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघं मेले. हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही, आजीने सांगितलं. १९२७चा वन कायदा स्वातंत्र्यानंतरही तसाच चालू राहिला, शेवटी २००६च्या वनहक्क कायद्यात संसदेने 'ऐतिहासिक अन्याय' असं लिहिलं. मानसीताई, ती प्रस्तावना मुलाला वाचून दाखवा, सरकारने स्वतः मान्य केलंय. आणि सावकाराचा भाग गाळू नका, नाहीतर सगळं इंग्रजांवर ढकलून मोकळे होतो आपण. येऊरच्या पाड्यावर नेणार असाल तर फोटो काढायला नेऊ नका, आधी विचारा, म्हाताऱ्या माणसांना कधी सवड असते ते बघून जा, त्यांना बोलायचं नसेल तर नाही.

मानसी:
सावकाराचा भाग सांगणारच, माझ्या माहेरीच सावकारी होती, घरात कुणी बोलत नाही त्याबद्दल. चिरनेरला या रविवारी जातोय. दादा, तुमच्या आजीचं जे आठवतं ते इथे लिहाल का, मुलाला तेच आधी वाचायला देईन.