पॅप स्मिअरला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तिथल्या पेशी काचेवर घेऊन करायची तपासणी) लाकडी स्पॅच्युला पुरे की ब्रश हवाच?

धागाकर्ती, वैद्यकीय अधिकारी (प्रा. आ. केंद्र): आमच्याकडे अजून डॉ. एअर यांचा लाकडी स्पॅच्युलाच (पेशी खरवडायची चपटी काडी) येतो, १९४७ सालचं साधन. पाळी गेलेल्या बाईची पेशीबदलाची जागा, म्हणजे जिथे हा कर्करोग बहुधा सुरू होतो ती, गर्भाशयमुखाच्या आत सरकते, तिथे त्याचं आखूड टोक पोचत नाही. तुलनात्मक अभ्यासांत लांब टोकाचा स्पॅच्युला सरस ठरला, सोबत आतून फिरवायचा ब्रश असेल तर आणखी चांगलं. अशा बायकांसाठी तरी ब्रश मिळालाच पाहिजे.

पॅथॉलॉजिस्ट: असहमत. ब्रशने आतल्या पेशी जास्त मिळतात, मान्य. पण तेवढ्यावरून रोग जास्त सापडतो असं म्हणता येत नाही. माझ्याकडे वाया जाणाऱ्या स्लाइड बहुतेक वाळलेल्या असतात. नमुना पसरल्याबरोबर काच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये गेली पाहिजे. आधी ते शिकवा. शिवाय गरोदर बाईला हा ब्रश वापरायचा नसतो, हेही सिस्टरना कुणी नीट सांगत नाही.

जनआरोग्य: तुम्ही दोघंही पॅपमध्येच अडकलात! उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातला अभ्यास २००९ मध्ये आला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, पॅप, व्हीआयए (ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणे), एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची तपासणी) आणि नेहमीची सेवा असे चार गट. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकी दोन तपासण्यांत तसा ठळक फरक दिसला नाही. आणि एचपीव्हीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते, स्पेक्युलमची (योनीमार्ग उघडून धरायचं साधन) भीतीच नाही. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनाही हेच सुचवते.

सीएचओ ताई (उपकेंद्रावरची समुदाय आरोग्य अधिकारी): सर, ते किट उपकेंद्रावर येईपर्यंत काय करू? मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या चाचणीत दहावी शिकलेल्या प्रशिक्षित बायकांनी व्हीआयए केली आणि मृत्यू ३१ टक्के घटले. ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, निकाल समोरच. आशाताईंनी एकदा आणलेली बाई रिपोर्टसाठी परत येईलच असं नाही, मजुरी बुडते तिची.

धागाकर्ती: ताई, तुमचं म्हणणं पटतं, पण पन्नाशीनंतर ती पेशीबदलाची जागा बहुधा डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा व्हीआयए तिथेच थांबते. एचपीव्ही आली तर मीच पहिली मागणी नोंदवीन. मात्र स्वतः घेतलेल्या नमुन्यावर पेशींची तपासणी होत नाही. पॉझिटिव्ह आलेल्या बाईला पुढे कुणीतरी तपासावंच लागणार. अल्कोहोलचं डॉक्टरांचं बरोबर आहे, पण त्यासाठी ब्रश का अडवायचा? यंदाच्या मागणीपत्रात ब्रश आणि अल्कोहोल दोन्ही लिहिते.

पॅथॉलॉजिस्ट: लिहा. पण स्लाइड प्रयोगशाळेत कोण आणि कधी पोचवणार, तेही त्यातच लिहा.