‘डार्क’ कादंबरी : काळी, अंधारी की निबिड?

पानखूण :
नाशकात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पाणी चढलंय, घाटावर जायची सोय नाही, म्हणून एक ९०० पानी इंग्रजी एपिक फँटसी घेऊन बसले आहे. ३०० पानांत चार राज्यं बुडाली, जो नायक वाटत होता त्याने सख्ख्या भावाचा गळा कापला, आणि कोण कोणाचा काका ते दर वेळी मागच्या वंशावळीत शोधावं लागतंय. शेजारच्या काकूंनी विचारलं, “कसलं गं पुस्तक?” म्हटलं, डार्क. “म्हणजे काळं?” पुढे मला शब्दच सुचेना.

तपोवन :
‘अद्भुतरम्य’ हा रुळलेला शब्द आहे की!

पानखूण :
अद्भुत आहे हो, रम्य कुठाय?

तपोवन :
बरं, मग रसांकडे जाऊ. भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय; बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. तो गळा कापला तेव्हा भीती वाटली की शिसारी आली?

पानखूण :
दोन्ही नाही. वाईट वाटलं, आणि त्याचं थोडं पटलंही. तीच तर गोची आहे.

द्राक्षबाग :
‘अंधारी’ म्हणा. ६००व्या पानाला डोळ्यांपुढे येतेच. (हलके घ्या.)

गोदाकाठ :
‘काळी’ म्हटलं की जादू आठवते, ‘अंधारी’ म्हटलं की खोली. मी ‘निबिड’, म्हणजे घनदाट, सुचवतो. अरण्यही निबिड असतं आणि काळोखही. तुमच्या पुस्तकात वाटही सापडत नाही आणि उजेडही, तेव्हा एका शब्दात काम भागेल. ‘आव्हानात्मक’ मात्र नको, तो खेळपट्टीला राहू द्या. ‘क्लिष्ट’ही जपून वापरा. क्लेश आणि क्लिष्ट एकाच ‘क्लिश्’ धातूचे, त्यामुळे दोष थेट लेखकाच्या माथी जातो. ‘दुर्बोध’ म्हटलं तर दोष कोणाचा यावर निदान भांडता तरी येतं.

अरण्याची उपमाही जुनीच. ‘कादंबरी’ हा शब्द आपण बाणभट्टाच्या ७व्या शतकातल्या संस्कृत कथेच्या नावावरून उचलला. हिंदीवाले उपन्यास म्हणतात, गुजराती नवलकथा. कन्नडमध्ये मात्र आपल्यासारखीच कादंबरी. ती कथाही शापांची, पुनर्जन्मांची, आणि सांगणारा चक्क पोपट! बाण ती अर्ध्यावर टाकून गेला, मुलाने पुरी केली. आल्ब्रेख्त वेबर या जर्मन संस्कृतज्ञाने १९व्या शतकात तक्रार केली होती, की बाणाचं गद्य म्हणजे हिंदुस्थानातलं रान. झाडोरा तोडत वाट काढावी, तर अनोळखी शब्दांची श्वापदं अंगावर येतात. तुम्हाला निदान वंशावळ तरी छापून दिलीय.

पंचवटीकर :
दंडकारण्यात राहून रानाचा शब्द आठवू नये म्हणजे कमाल आहे. पण काकूंना ‘निबिड’ सांगून बघाच! आमच्या घरी असल्या पुस्तकाला सरळ ‘जड’ म्हणतात. डोक्याला जड, पचायला जड, वाचून मनही जड.

पानखूण :
‘जड’ म्हणून सांगितलं. काकूंनी पुस्तक हातात घेऊन तोललं आणि म्हणाल्या, “हो गं, आहे खरं.”