आणायला पिनकोड चालतो, वापसीला नाही! – कुकर-शेगडी परत करतानाचे तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती, केळापूर तालुका, यवतमाळ

पोळ्याच्या आठवड्यात पाच लिटरचा कुकर मागवला. १,८४९ रुपये, पैसे आधीच भरले. पार्सलवाला गावापर्यंत येत नाही, पांढरकवड्याला नाक्यावर जाऊन घ्यावं लागतं. अर्धा दिवस त्यातच गेला. घरी आणून तुरीचं वरण लावलं तर शिट्टी होईचना, सगळी वाफ दांड्याच्या बाजूनं. रबर काढून पुन्हा बसवलं, दुसरं लावून पाहिलं. शेवटी उजेडात धरलं तेव्हा दिसलं, झाकणाची कडच एका जागी दबलेली.

परत करायला गेले तर ॲप म्हणतं, 'या पिनकोडवर पिकअप उपलब्ध नाही'. म्हणजे पैसे घेताना आमचं गाव नकाशावर होतं, आता नाही!

कोणी कुकर, शेगडी, इंडक्शन वापस केलं असेल तर सांगा. पैसे मिळाले नसतील तर तेही लिहा, ते जास्त कामाचं.

राळेगाव

ताई, हेच कारण मलाही दिलं होतं. चॅटवर दोन दिवस घातले, समोर माणूस आहे की मशीन तेच कळेना. मग ॲपच्या पार तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल सापडला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमावाच लागतो. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार मार्गी लावायची. मी सरळ मराठीत लिहिलं, फोटो जोडले. पोच आली, पुढे सामसूम.

मग १९१५ लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलतात. ऑर्डर क्रमांक विचारून तक्रार नोंदवली. अकराव्या दिवशी कंपनीचा फोन: कुकर स्पीड पोस्टानं पाठवा, खर्च आम्ही देऊ. कुकरचे पैसे आले, पोस्टाचे मात्र दोनदा मागावे लागले, म्हणून पावती सांभाळा. आणि एक, १९१५वाले हुकूम काढत नाहीत, फक्त मध्ये पडतात. समोरचा निगरगट्ट असला तर तिथंच अडतं.

तेल्हाऱ्याचा शेतकरी

मी उलटा अनुभव सांगतो, हासू नका. घरी नवा कुकर आला अन् डाय शिजेच ना. आठ शिट्ट्या झाल्या तरी दाणा न् दाणा वेगळा. बायको म्हणे, हे डबडं वापस करा. म्या ॲपवर 'खराब माल' लिवून देलं. बदलीचा कुकर आला, त्याच्यातबी तेच! मंग पोट्टं म्हणे, बाबा, बोरचं पाणी टाकून राह्यले ना तुमी?

आमी खारपाणपट्ट्यातले. बोरचं पाणी तोंडात धरवत नाही, त्याच्यात तूर काय शिजन? जुन्या कुकरच्या टायमाले नळ होता, या खेपेले आठ दिवसांपासून नळच नाही. फिल्टरच्या पाण्याची कॅन आणली, तीन शिट्ट्यांत डाय लोणी. कुकर चांगलाच होता बाप्पा, त्या पार्सलवाल्या पोराले उगाच दोन खेपा झाल्या. वापस करायच्या आंधी एक डाव पाणी बदलून पाहा.

आर्वी, वर्धा

आमच्या घरी इंडक्शन आहे म्हणून त्यावर चालणारा तीन लिटरचा कुकर घेतला. फोटोखाली ठळक लिहिलेलं, 'गॅस आणि इंडक्शन दोन्हीवर'. ठेवला की इंडक्शन टीं-टीं करून बंद. विक्रेता म्हणे, तुमचं इंडक्शनच खराब असेल.

फ्रिजवर शेगावहून आणलेलं महाराजांचं लोहचुंबक होतं. ते काढून कुकरच्या बुडाला लावलं, घसरून खाली. नुसतं ॲल्युमिनियम. मग लोखंडी तव्याला लावलं, पक्कं बसलं. दोन्ही एकाच व्हिडिओत घेतलं आणि विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढला. संध्याकाळी पाहते तर पानावरून इंडक्शनची ओळ गायब! स्क्रीनशॉट नसता तर मीच खोटी ठरले असते.

माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेली तारीख टाळून उशिरा आला असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही, हे त्याच २०२० च्या नियमांत आहे. मी तेच वाक्य ईमेलमध्ये लिहिलं. पाचव्या दिवशी पैसे आले. पण नुसता आवडला नाही, मोठा वाटला, जावेकडचा जास्त चमकतो, यासाठी कायदा धावून येत नाही. तिथं ॲपचं धोरण असेल ते.

चिमूर

मी शहाणपणा करून इंटरनेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधला आणि जो पहिला दिसला तो लावला. तो गोड बोलून म्हणाला, पैसे परत करतो, फक्त हे एक ॲप मोबाइलमध्ये घ्या. कुकर होता दीड हजाराचा, खात्यातून गेले ४,६००. तासाभरात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला म्हणून थोडे अडवले गेले, सगळे नाही. नंबर फक्त खरेदीच्या ॲपमधून किंवा बिलावरून घ्या.

कुरखेडा, गडचिरोली

माझे पूर्ण गेले. मोबाइलवर जाहिरात पाहिली, ७९९ मध्ये कुकर, पैसे घरी आल्यावर रोख. बिल नाही, खोक्यावर पत्ता नाही, दुसऱ्या आठवड्यात जाहिरातीचं पानच नाही. तक्रार कुणाची करू?

त्यावर आयएसआयचा शिक्का होता, पण खाली सीएम/एल असा परवाना क्रमांक नव्हता. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा-खोटा पाहता येतो, हे मला नंतर शाळेतल्या सरांनी सांगितलं. घरगुती प्रेशर कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएस २३४७ या भारतीय मानकाचं हे चिन्ह सक्तीचं आहे. असे मानकात न बसणारे कुकर विकू दिले म्हणून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मोठ्या ऑनलाइन मंचांनाही एकेक लाखाचा दंड लावला होता, ग्राहकांना कळवून पैसे परत करा असं सांगितलं होतं. माझ्या विक्रेत्याला मंचही नव्हता.

आता त्या कुकरात मोहफुलं ठेवते. चुलीवर चढवायची हिंमत होत नाही.

भांड्याचं दुकान, वणी

गावातल्या दुकानातून घेतला असता तर उभ्या उभ्या बदलून दिला असता.

राळेगाव

दादा, तुमच्यासारख्याच एका दुकानात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी वाचूनच मी ऑनलाइनकडे वळलो होतो.

निवृत्त लिपिक, मेहकर

कुकर नाही, काचेची शेगडी. चौथ्या दिवशी चहा ठेवलेला असताना काच आपोआप तडकली. आम्ही त्याच दुपारी लग्नाला निघालो, परत येऊन नवव्या दिवशी तक्रार केली. उत्तर आलं, परतीची मुदत सात दिवसांची, आता काही होणार नाही.

सात दिवस हा त्यांच्या दुकानाचा नियम. सदोष वस्तूची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यांचं ऑफिस बंगळुरूत असो की गुडगावात. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागत नाही. मी अर्ज स्वतः टाइप केला. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज आवक-जावक केले, स्वतःसाठी हा पहिलाच. हल्ली सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होतो.

बुलढाण्याला ज्येष्ठांच्या अर्ध्या तिकिटात गेलो. दोन तारखांना समोरून कोणी आलं नाही. तिसऱ्या तारखेच्या आधी त्यांचाच फोन, साहेब मिटवून टाकू. शेगडीचे ३,२९९ आणि वर दीड हजार मिळाले. सात महिने लागले. कायद्यात तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. प्रयत्न झाला असेल. तोवर सौ. जुन्याच शेगडीवर स्वयंपाक करत होत्या आणि रोज विचारत होत्या, आली का हो तारीख?

पार्सल पोहोचवणारा, ब्रह्मपुरी

आता आमचीही ऐका. वापसीला येतो तेव्हा आम्हाला मोबाइलवर एकेक गोष्ट ताडून पाहावी लागते. तोच कुकर, शिट्टी, रबर, आतली जाळी, पुस्तिका. एक वस्तू नसली की पिकअप रद्द, मग शिव्या आम्हाला. अर्ध्या घरी खोका चुलीत गेलेला असतो. निदान महिनाभर ठेवा ना. उघडताना व्हिडिओ काढा, खोक्यावरची चिठ्ठी त्यात दिसू द्या.

वापसीचा ओटीपी कुकर माझ्या थैलीत गेल्यावरच सांगा आणि मेसेज आल्याशिवाय मला दारातून सोडू नका. मला राग येत नाही.

केळापूरच्या ताई, पिनकोडवर पिकअप नसलं तरी तुम्ही ज्या नाक्यावरून पार्सल घेतलं तिथं ते वापस घेतात का, हे ईमेलमध्ये विचारा. आमच्या इकडे दोघांचं झालं तसं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. तेल्हाऱ्याचं वाचून आधी विहिरीच्या पाण्यात लावून पाहिलं, वाफ तिथूनच. काल तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला, दबलेल्या कडेचा फोटो आणि आर्वीच्या ताईंनी सांगितलेलं वाक्य टाकून. पोच आज आली. नाक्यावर देण्याबद्दलही विचारलंय.

खोका आहे, पण सासूबाईंनी त्यात खुडूक कोंबडी बसवली आहे, अकरा अंड्यांवर. पिलं निघायला अजून नऊ दिवस. कंपनीनं घाई केली नाही तर बरं.