मातीकाम करून खरंच मन हलकं होतं का? कोणी अनुभव घेतलाय?

अबोली_ठाणे: फेब्रुवारीत बाबा गेले. ऑफिस, घर सगळं चालू आहे पण रडू असं येतच नाही, नुसतं छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं आणि पहाटे ३ ला टक्क जाग. कौन्सेलर म्हणाल्या बोलता येत नसेल तर माती हाताळून बघ. इथे जवळच एक 'क्ले हीलिंग' वर्कशॉप आहे, २ तासांचे १८०० रुपये! मला चित्रकलेत शाळेत काठावर पास करायचे. पैसे घालवू का?

पेणचा_पोरगा: ताई १८०० कशाला घालवताय, शाडूची छोटी गोणी आणा. आमचा गणपतीचा कारखाना आहे, लहानपणापासून हात मातीतच. आजोबा वारले तेव्हा आमचे काका कोणाशी चकार शब्द बोलले नाहीत, सकाळी येऊन फक्त माती मळायचे, गोळे करून ठेवायचे, त्या गोळ्यांचं पुढे काही व्हायचंही नाही, आम्ही संध्याकाळी परत भिजत टाकायचो. थेरपी वगैरे शब्द तेव्हा कोणाला माहीत होता. एकच सांगतो, पाणी बेताबेताने घाला नाहीतर चिखल होतो. आणि वाळलेली माती कोरडी झाडू नका, धूळ छातीत जाते, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

शंकेखोर_काका: हल्ली कशालाही थेरपी जोडतात. उद्या भांडी घासणं पण थेरपी. आमच्या ही ला सांगतो 😀

रंगरेषा: काका, हसा पण शब्द जुना आहे हो. एड्रियन हिल नावाचा ब्रिटिश चित्रकार टीबीने सॅनेटोरियममध्ये पडून होता, तिथे चित्रं काढून त्याला बरं वाटलं, मग बाकीच्या पेशंटनाही काढायला लावलं, 'आर्ट थेरपी' हा शब्द त्याचा, १९४२ चा. अमेरिकेत २०१६ मध्ये ३९ जणांवर एक छोटा अभ्यास झाला, ४५ मिनिटं माती, स्केचपेन, कोलाज काहीही करा म्हणून सांगितलं, साधारण ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, उतरलं. ज्यांना कला येत होती त्यांचंच उतरलं असं काही नव्हतं. पण ३९ माणसं म्हणजे काही फार नाहीत आणि ताण उतरणं म्हणजे दुःख संपणं नाही, हेही खरं.

अबोली, मी या क्षेत्रात काम करते म्हणून सांगते. वर्कशॉप वेगळं, थेरपी वेगळी. वर्कशॉपमध्ये शेवटी वाटी झाली पाहिजे असतं. थेरपीत वाटी झाली काय, मोडली काय, मोडताना तुम्हाला काय झालं ते महत्त्वाचं. मातीचं बरं असं की जोर लावता येतो, आपटता येते, आणि परत गोळा होते, कागदावर एकदा रेघ मारली की मारली. आणि कोणी तुमचा गोळा बघून "हे तुमच्या बाबांवरचा राग आहे" असं ठोकून दिलं तर उठून या. अर्थ तुम्ही सांगायचा, समोरच्याने नाही. कोर्स कुठून केला, कोणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे बिनधास्त विचारा. काहींना ओल्या मातीचा स्पर्शच नको होतो, तसं झालं तर थांबा, जबरदस्ती नको. झोपेचं मात्र कौन्सेलरना सांगा, लांबवू नका. आणि रात्री फारच अंगावर आलं तर १४४१६ ला फोन करा, टेली मानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

अबोली_ठाणे: सगळ्यांना थँक्यू. वर्कशॉपला नाही गेले, शाडू आणली. काल गॅलरीत पेपर पसरून बसले, बाबांच्या चष्म्याची डबी करायला घेतली आणि झाली करंजी. आई बाहेर आली, बघत बसली, मग म्हणाली कड नीट दाब, तळताना फुटेल. खूप हसलो दोघी आणि मग मध्येच कधीतरी रडायलाच लागलो. झोप? काल ४ ला जाग, ३ ला नाही 🙂 सोमवारी कौन्सेलरकडे विषय काढतेय.
@पेणचा_पोरगा उरलेली माती कशी ठेवू?

पेणचा_पोरगा: ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत. वास आला तरी टाकू नका, मळली की जातो.