‘टेन रागाज’चा रीइश्यू : 808 चा किक ऐकूच येईना

खानापूर_रोड :
मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक चरणजीत सिंग यांच्या ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ची रीइश्यू तबकडी आणलीय. टर्नटेबलच्या लाल-पांढऱ्या पिना मंडळाच्या मिक्सरच्या माइक सॉकेटला दिल्यात. आवाज मोठा येतो, पण बास नाही. 808 चा (रोलंडच्या ड्रम मशीनचा) किक, म्हणजे बास ड्रमचा ठोका, पत्र्याच्या डब्यावर बोट वाजवल्यासारखा, हायहॅट तर कानात टोचतो. फोनवर हाच अल्बम मस्त वाजतो. प्रेसिंग खराब की जोडणी? आणि 1982 ला रेकॉर्ड झालेल्या, तेव्हा फारसं कुणी न विचारलेल्या या अल्बमचं आता एवढं कौतुक का?

साऊंडवाला_निपाणी :
प्रेसिंगला बोल लावू नका की, जोडणी चुकलीय. तबकडी कापतानाच बास दाबतात आणि ट्रेबल चढवतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला पाच राग मावायचेच नाहीत. हा आरआयएए कर्व्ह. 1 किलोहर्ट्झच्या मानानं 50 हर्ट्झला साधारण 17 डीबी कमी, आणि 808 चा किक नेमका तिथंच. ही दाबलेली कसर फोनो प्रीअँप भरून काढतो. माइक सॉकेट सगळंच सारखं मोठं करतं. मिक्सरचा बास नॉब पिळूनही जमत नाही, कारण कर्व्ह 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत उतरता आहे. दोन-तीन नॉबनी तो आकार येत नाही.

आधी टर्नटेबलच्या मागं फोनो/लाइन असा खटका आहे का बघा. असेल तर लाइनवर करा आणि पिना मिक्सरच्या लाइन इनपुटला द्या, काम झालं. नसेल तर एमएमचा (मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या सुईसाठीचा) वेगळा प्रीअँप घ्या. दोन्ही एकदम लावू नका, बास फुगून आवाज फाटतो.

सुईचं वजनही तपासा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95ई या कार्ट्रिजला (सुईच्या डोक्याला) 2 ग्रॅम लागतं. आर्म तरंगेल इतपत मागचं वजन फिरवा, तिथं डायल शून्यावर आणा, मग 2 पर्यंत. सुई उडते म्हणून हेडशेलवर (आर्मच्या टोकाला सुई बसते तिथं) नाणं ठेवायची ती जुनी खोड मात्र नको, खाच जाते.

मध्यमसाधना :
कौतुकाबद्दल. रोलंडचं टीबी-303 हे बास सिंथेसायझर गिटारवाल्यांना बासची साथ म्हणून काढलं होतं, चाललं नाही, 1984 ला बंद झालं. तेच यंत्र वापरून शिकागोत फ्युचर या गटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ आलं 1987 ला, आणि त्यातून ॲसिड हाऊस हा नाचगाण्याचा प्रकार रुजला. सिंगांनी 303, 808 आणि ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर त्याआधी पाच वर्षं एकत्र वाजवलं होतं. 2010 च्या रीइश्यूनंतर जग दचकलं ते यामुळं. ‘ॲसिड हाऊसचा जनक’ वगैरे मला पटत नाही. यंत्र एक, म्हणून वळण एक.

कुमार गंधर्वांच्या जन्मगावाकडच्या, सुळेभावीकडच्या कानांना खटकेल ती मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर ओढत जाणं. 303 चा स्लाइड (सुरावरून सुरावर सरकणं) साधारण 60 मिलिसेकंदांचा, अंतर एका सुराचं असो की पाच सुरांचं, वेळ तेवढाच. त्यामुळं तो मींडेसारखा लांबत नाही, सुरावरून घसरतो. तोडीचा अतिकोमल गंधारही कीबोर्डच्या पट्टीत सापडत नाही. म्हणून सुरुवात ललितपासून करा. पंचम नाही, दोन्ही मध्यम लागोपाठ. हा खेळ कीबोर्डवरही शाबूत राहतो.

खानापूर_रोड :
खटका नव्हता, प्रीअँप लावला. किक आला! पण गुंऽऽ असं घुमतंय.

साऊंडवाला_निपाणी :
आर्मला बोट लावल्यावर घुमणं बदलतं का? बदलत असेल तर अर्थिंग नाही. टर्नटेबलची बारीक सुटी वायर प्रीअँपच्या जीएनडी स्क्रूखाली आवळा. बोटानं फरक पडत नसेल आणि आवाज वाढवला की गुंगुं चढत असेल, तर स्पीकरचा हादरा सुईत शिरतोय. स्पीकर त्या टेबलावरून उतरवा आणि टर्नटेबलखाली कडप्पा फरशी, तिच्याखाली रबराचे चार तुकडे.