मदत हवी आहे: लायन्स ड्रॅग स्ट्रिपच्या फोटोंचं साल कसं ओळखायचं?

कॅलिफोर्नियात विल्मिंग्टनला असलेल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपचे (गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतींचा ट्रॅक, १९५५ ते १९७२) २३ कृष्णधवल फोटो सालाप्रमाणे लावायचे आहेत. मागे काही लिहिलेलं नाही, गाड्यांचे नंबरही वाचता येत नाहीत. फक्त स्कॅन हाताशी आहेत.

दोन्ही टोकं पक्की झाली आहेत. स्टार्टला झेंडेवाला दिसला की फोटो साधारण १९६३ पर्यंतचा, कारण ख्रिसमस ट्री, म्हणजे शर्यत सुरू करायचा दिव्यांचा खांब, त्याच सुमारास आला. इंजिन ड्रायव्हरच्या मागे असेल तर बहुधा १९७१ किंवा नंतरचा. मार्च १९७० मध्ये याच ट्रॅकवर डॉन गार्लिट्स या ड्रॅग रेसरच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं, उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला, आणि त्यानंतर त्याने इंजिन मागे नेलं. (मागे इंजिन असलेल्या तुरळक गाड्या आधीही होत्या, म्हणून हे एकटं पुरत नाही.)

अडलंय ते मधल्या वर्षांत. ट्रीवरचे पाच पिवळे दिवे शेवटपर्यंत पाचच राहिले. एक्झॉस्टचे पाइप खाली वळलेले म्हणजे जुनी गाडी, मागच्या टायरवर वर वळलेले म्हणजे नंतरची, हेही लावून पाहिलं. पण जुनी गाडी पुढची काही वर्षं धावतच असे.

म्हणून गाडी सोडून ट्रॅकबद्दलच विचारतो: टायमिंग टॉवर, कडेचा कठडा, प्रेक्षकांचे स्टँड किंवा पाट्या, यांपैकी कशात १९६४ ते १९६९ दरम्यान फोटोत दिसेल असा बदल झाला, आणि कोणत्या साली?