अनुभव धागा: कोकणात गरिबी शिक्षणाच्या नेमकी कुठे आडवी येते?

दहावीच्या निकालात कोकण विभाग पहिला, ही बातमी दरवर्षी ठरलेली. २०२४ ला ९९.०१ टक्के (राज्य ९५.८१), २०२५ ला ९८.८२ (राज्य ९४.१०). यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच येतात, रायगड मुंबई विभागात मोडतो. आणि टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. सातवी-आठवीनंतर जे पोर गळालं, ते भाजकातही नाही नि भाज्यातही नाही.

शाळा, बंदर, वाडी, सेतू (दाखले देणारं केंद्र), एसटी डेपो यांचं काम ज्यांना आतून माहीत आहे त्यांना लिहायचं आमंत्रण. कोणत्या महिन्यात, कोणत्या कागदावर, किती रुपयांवर अडतं आणि काय केलं की सुटतं, एवढंच लिहा. आपण कसे कंदिलाखाली शिकलो ते दुसऱ्या धाग्यावर. प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

सुकटबाजार

सुरुवात कॅलेंडरपासून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. शाळा साधारण १५ जूनला उघडते. म्हणजे खलाशाच्या घरात वर्षातला सगळ्यात कोरडा महिना आणि शाळेचा सगळ्यात खर्चाचा महिना एकच.

पहिली ते आठवी फी नाही, पुस्तकं फुकट, गणवेश मिळतो (कधी मिळतो ते विचारू नका). उरतं ते वह्या, दप्तर, छत्री, चपला. हे पैसे बहुतेक वेळा नौकामालकाकडून पुढच्या हंगामावर उचलले जातात. उचल घेतली की ऑगस्टमध्ये त्याच होडीवर जावं लागतं, आणि एक माणूस कमी पडला तर घरातला पोरगा हिशोबात धरला जातो. त्याचं पहिलं काम होडीवर भात शिजवायचं आणि जाळ्यातली मासळी निवडायचं. कायद्याने १४ च्या आतल्याला कामावर ठेवता येत नाही, १४ ते १८ ला धोक्याच्या कामावर नाही. पण २०१६ च्या दुरुस्तीत शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या धंद्याला हातभार लावायची मुभा आहे, आणि ‘घरचा धंदा’ म्हटलं की बंदरावर कुणी पुढे विचारत नाही.

खरी उडी आठवीतून नववीत. शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंतच, नववीला पुस्तकं विकत. उपाय साधा आहे: शाळेने पुस्तकपेढी चालवायची. दहावीचा शेवटचा पेपर झाला की आठवड्यात संच परत घ्यायचा, फाटलेली पानं चिकटवायची आणि मे संपायच्या आत नववी-दहावीच्या पोरांना वाटायचा. जूनवर ढकललं तर पालकांनी तोवर कर्ज काढलेलं असतं. संच दान घेताना साल बघा. नववीची पुस्तकं २०१७ ला बदलली, दहावीची २०१८ ला. त्याआधीचे गठ्ठे लोक माळ्यावरून काढून मोठ्या मनाने देतात, ते रद्दीतच जाणार.

वह्यासुद्धा मेमध्ये घ्या. हंगामाचा शेवटचा हिशोब झालेला असतो, हातात पैसा असतो.

डोंगरवाडी

रायगडात आणि उत्तर रत्नागिरीत कातकरी वाड्यांचं गणित वेगळं, म्हणून जरा सविस्तर.

पावसाळ्यात खायला नसतं तेव्हा मुकादम उचल देऊन जातो. दिवाळी झाली की कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर, परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे, आणि ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. मुलाला वेगळा पैसा नाही. पण ओल्या विटा उलटायच्या, वाळल्या की रचायच्या, धाकट्याला सांभाळायचं, ही कामं त्याने केली तर जोडीच्या विटा वाढतात. म्हणून ‘मूल कामावर नाही’ हे मालकाचं म्हणणं कागदावर खरंच असतं.

आता शिक्षणाचं काय होतं ते बघा. नोव्हेंबरला गेलेलं मूल जूनला येतं. नियमाने वयानुरूप पुढच्या वर्गात बसतं आणि पुन्हा पहिलं सत्र शिकतं. म्हणजे दरवर्षी पुस्तकाचा पहिला अर्धा भाग पदरात पडतो, दुसरा कधीच नाही. चौथीपर्यंत अशी चार अर्धी पुस्तकं होतात. मग पाचवीत शिक्षक म्हणतात, ‘याला काहीच येत नाही.’ येतं, पण एक आड एक. विटांचे थर बघून हजाराचा अंदाज अचूक सांगणारं पोर हातच्याची वजाबाकी कागदावर मांडताना अडतं. कारण ढीग त्याने रोज मोजलाय, मांडणी त्याला कुणी पुरी दाखवलेली नाही.

करायचं काय:

नवरात्र ते दिवाळी या दिवसांत वाडीवर जाऊन कोण कुठल्या भट्टीवर जाणार याची यादी करा. मुकादमाचा फोन नंबर, भट्टीचं गाव, तालुका. दिवाळीनंतर गेलात तर कुलूप.

प्रत्येक मुलाचं शिक्षण हमी पत्रक (बाहेरगावी गेलेल्या मुलाला काय येतं ते पुढच्या शाळेला सांगणारं) भरून पालकाच्या हातात द्या आणि त्याचा फोटो पालकाच्या फोनवर टाका. पत्रक घरच्या पेटीत राहतं, फोन बरोबर जातो. पत्रकात ‘वाचन बरे’ असं लिहू नका. ‘जोडाक्षरं वाचतो, दोन अंकी बिनहातच्याची वजाबाकी येते’ असं लिहा, म्हणजे पुढच्या शिक्षकाला कुठून धरायचं ते कळेल.

भट्टीजवळच्या शाळेने शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून परत पाठवलं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखवा: दाखल्याअभावी प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नसेल तर कलम १४. अर्थात ती शाळा का टाळते हेही खरं आहे. मार्चमध्ये भट्टी हलली की मूल जातं, हजेरी पडते, जाब शिक्षकाला विचारतात.

मूळ शाळेने पटावरून नाव कमी करू नये.

हंगामी वसतिगृह म्हणजे मूल गावातच राहणार आणि जेवण शाळेकडून. हे चालतं, पण घरी आजी असेल तरच. आजीही भट्टीवर गेली असेल तर रात्री मूल कुणाकडे, याला योजनेत उत्तर नाही.

आणि जूनमध्ये परतलेल्यांना नवीन पुस्तक लगेच उघडू नका. पहिले सहा आठवडे रोज ४० मिनिटं गेल्या वर्षीचं दुसरं सत्र घ्या, फक्त भाषा आणि गणित. बाकी सगळं थांबलं तरी चालेल.

सेतूची खिडकी

डोंगरवाडी दादांनी पत्रकाचं लिहिलं, मी दाखल्यांचं लिहितो. शिष्यवृत्ती गुणांवर मिळते हा गैरसमज. गुण मिळवूनही ती कागदावर जाते.

जातीच्या दाखल्याला रहिवासाच्या तारखा पाठ असू द्या: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्या २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेपूर्वीचा पुरावा मागतात, आणि तो सहसा आजोबांच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा असतो. म्हणजे ज्याच्या घरात तीन पिढ्या कुणी शाळेतच गेलं नाही, त्याच्याकडूनच शाळेचा पुरावा! अशा वेळी तहसीलमधल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी (गाव नमुना १४, कोतवाल बुक) शोधा, किंवा वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाचा दाखला जोडा. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिन्हींचं आदिवासी योजनांचं प्रकल्प कार्यालय पेणला आहे. सिंधुदुर्गाच्या टोकाच्या दोडामार्गाहून पेण म्हणजे एक रोज बुडतो नि गाडीभाडं वेगळं, म्हणून वाडीतले सगळे अर्ज एकत्र करून एकाच माणसाला पाठवा.

आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती) परीक्षा सोडू नका. पात्रता: शासकीय, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित शाळा, सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातीला ५०), पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,००० होतात.

कुठे अडतं ते सांगतो. पहिलं, नाव. आधारवर ‘गणपत’, शाळेत ‘गणपती’, बँकेत आडनाव आधी. तिन्ही एक करायचं काम सातवीतच उरका. दुसरं, आधारचे बोटांचे ठसे ५ व्या वर्षी आणि पुन्हा १५ व्या वर्षी द्यावे लागतात, आणि १५ वं वर्ष बरोबर नववी-दहावीत येतं. तिसरं, बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं ‘सीड’ (सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधारशी जोडलेलं) झालं असं नाही. सीडिंगचा वेगळा अर्ज असतो आणि पैसे शेवटच्या सीड केलेल्या बँकेत जातात. चौथं, दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण आणि शाळेची पडताळणी. शाळेने बटण दाबलं नाही तर मूल हुशार असून त्या वर्षाचा हप्ता बुडाला. पाचवं, ओटीपी. घरात एकच फोन आणि तो बापासोबत समुद्रात. अर्ज भरायचा दिवस होडी धक्क्याला असेल तेव्हाचाच ठरवा.

उत्पन्नाचा दाखला मेमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये अख्खा तालुका खिडकीवर असतो.

भंडारवाडा

ह्यां सगळां खरां, पण पावसाची गजाल कोणी काढूक नाय. वहाळाक हौर (पूर) इलो काय साकव (लहान पूल) पाण्याखाली. जून-जुलयत पयलीतली पोरां घरात, आणि तेवाच अक्षरां शिकवूची वेळ. उपाय एकच: वाडीत कोणाच्या तरी पडवेत पोरां बसवची, बारावी झालेल्या एखाद्या चेडवान (मुलीन) दोन तास घेवचे. मास्तरांनी आठवड्याचो अभ्यास आदीच देवन ठेवचो. भाताची लावणी चालू आसताना मोठी बहीण धाकट्याक घेवन घरी रवता, तीय हयसर येता.

पातेलं

पोषण आहाराबद्दल. पहिली ते पाचवी प्रत्येकी १०० ग्रॅम तांदूळ, २० डाळ, ५० भाजी, ५ तेल. सहावी ते आठवी १५०, ३०, ७५ आणि साडेसात. प्राथमिकचा पट १८ असेल तर रोज १.८ किलो तांदूळ, ३६० ग्रॅम डाळ, ९०० ग्रॅम भाजी, ९० ग्रॅम तेल. तांदूळ येतो, पण भाजी-इंधनाचे पैसे डोक्यामागे येतात. मोठ्या शाळेत ते पुरतात. अठरा मुलांच्या पैशात गॅसची टाकी बसत नाही, म्हणून लहान शाळांत भाजी पातळ होते. दोष स्वयंपाकाच्या बाईंचा नसतो.

गोणी उतरवून घेताना तिथेच वजन करा, सही नंतर. पावसाळ्यात गोणी जमिनीला टेकवू नका, फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब.

आणि एक: न खाता आलेली मुलं ओळखायची असतील तर आहाराच्या आधीचा तास बघा. तिथे गणित ठेवू नका. परिपाठ झाल्यावर लगेच घ्या.

वीसपट

‘काय शिकवलं जातं’ यावर थोडं, आणि यावर वाद होईल.

गावात इंग्रजी शाळेची पिवळी बस फिरायला लागली की ज्यांना परवडतं ती मुलं जातात. झेडपीचा पट विसाच्या खाली येतो, साठपर्यंत दोन शिक्षक आणि वर्ग चार किंवा पाच. शिवाय घाटावरचे शिक्षक जिल्हा बदलून गेले की जागा रिकामी. २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० मानधनावर घ्यायची वेळ आली ती यातूनच. खासगी शाळेत गरिबांसाठी २५ टक्के राखीव जागा असतात, पण त्या शाळा तालुक्याच्या गावात आणि प्राधान्य अंतरावर. वाडीवरचं मूल तिथेच बाद.

दोन शिक्षक असतील तर पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे ही वाटणी गणिताला ठीक. परिसर अभ्यासाला सगळे एकत्र बसवा, विषय एक आणि काम वेगळं. ‘आपल्या गावातली झाडं’ घेतलं तर पहिलीने चित्र, दुसरीने नावं, चौथीने महिन्याप्रमाणे फळांचा तक्ता.

दहावीनंतरची गोष्ट अजून स्पष्ट. ९९ टक्के पास होतात, पण विज्ञान शाखा जवळ नसते. असली तर क्लासशिवाय चालत नाही असं सांगतात. म्हणून गरिबाचं पोर कलेला. कलेला नावं ठेवत नाही, पण ती निवडलेली नसते, बसच्या मार्गावर असते. आणि लक्षात ठेवा, दहावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला गेलात तर एनएमएमएसचे पुढचे पैसे थांबतात. ज्याला लवकर कमवायचंय त्याचीच शिष्यवृत्ती बंद, हा नियम कुणी केला कोण जाणे.

सुकटबाजार

वीसपट, बसवाल्या पालकांना एवढं झोडू नका. दोन शिक्षकांतला एक सतत ट्रेनिंगला आणि बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला असेल तर ज्याला शक्य आहे तो मूल नेणारच.

शेवटची गाडी

मुलींचा एसटी पास बारावीपर्यंत फुकट, मुलांना ६६.६७ टक्के सवलत. बोनाफाईड घेऊन डेपोत जायचं, किंवा शाळेने यादी दिली तर पास शाळेत येतात. पास ही अडचणच नाही. अडचण वेळेची. दहावीचा जादा तास साडेपाचला सुटतो आणि वाडीची शेवटची गाडी पाचला. मुलगी जादा तास सोडते, किंवा आईबाप शाळाच सोडवतात.

गाडी पुढे ढकलता येते, अर्ज नीट केला तर. मुख्याध्यापकांचं पत्र, थांब्यानुसार मुलांची संख्या (नावं नकोत, आकडे हवेत), ग्रामपंचायतीचा ठराव, आणि जवळच्या दुसऱ्या शाळेचंही तसंच पत्र. एका शाळेसाठी वेळ बदलत नाहीत, दोन झाल्या तर विचार होतो. अर्ज एप्रिलमध्ये द्या, जूनमध्ये वेळापत्रक लागलेलं असतं. आगारप्रमुखांना तोंडी सांगून येऊ नका. आवक क्रमांक आणि शिक्का घेतलेली प्रत शाळेत ठेवा. ऑक्टोबरमध्ये गाडी परत पाचवर आली की तीच प्रत घेऊन जायचंय.